विहीणबाई आणि पाच धबधबे

सोमवार, ३ तारीख

मुलीशी आज करार झाला. तोंडी आहे, पण इथे लिहून ठेवते. पुढे 'मी असं म्हणालेच नव्हते' हा प्रकार नको.

चार महिन्यांपूर्वी माळा आवरताना मी स्टुलावरून पडले. मनगट मोडलं आणि दोन तास फरशीवर पडून राहावं लागलं, कारण फोन दुसऱ्या खोलीत होता. एवढंच घडलं. त्या दोन तासांत छताच्या कोपऱ्यातली जळमटं दिसली, ती नंतर काढली. म्हणजे पडण्याचा फायदाच झाला. पण मुलीने तेव्हापासून धोशा लावला आहे की मी आता एकटीने राहायचं नाही. फ्लॅट बंद करायचा आणि तिच्याकडे जायचं. नातीच्या खोलीत दुसरा पलंग टाकायचा, हेसुद्धा ठरलं आहे.

"आई, तू फार हट्टी आहेस," ती म्हणाली.

"हट्टी नसते तर त्या दिवशी मेलेच असते," मी म्हटलं. वाक्याचा अर्थ माझा मलाच नीट लागला नाही, पण उपयोग झाला.

शेवटी तोडगा मीच काढला. दोन तासांच्या अंतरावर धबधब्यांचं राखीव उद्यान आहे. तिथे पाच धबधब्यांची अकरा किलोमीटरची पायवाट आहे. राहायचं तंबूत. प्रत्येक धबधब्यापाशी एका लाकडी पेटीत शिक्का असतो, तो आपल्या कार्डावर आपणच उठवायचा. मी पाच शिक्के घेऊन आले, तर माझ्या एकटं राहण्याचा विषय कायमचा बंद. एक जरी कमी पडला, तर महिनाअखेरीस मी सामान बांधायचं, तेही कुरकुर न करता.

मुलीने थोडा विचार केला. "चालेल. पण बरोबर कोणीतरी हवं."

"कोण?"

"अहो आई."

मी तिची 'अगं आई'. 'अहो आई' म्हणजे तिच्याच घरी राहणाऱ्या तिच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई. लग्नाला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत आम्हा दोघींमध्ये 'घ्या ना', 'नको नको', 'आधी तुम्ही', 'छे, तुम्हीच' यापलीकडे एकही वाक्य झालेलं नाही.

मुलीने हेर बरोबर दिला आहे. मी परीक्षा विभागात एकतीस वर्षं काढली. पर्यवेक्षक कधी आणि कशासाठी नेमतात हे मला कोणी शिकवू नये.

गुरुवार, ६ तारीख

विहीणबाईंचा फोन. आधी माझी प्रकृती, मग मनगटाची प्रकृती, मग कुंड्यांची प्रकृती. मग म्हणाल्या, "विहीणबाई, एक विचारू? तुम्ही सकाळी किती वाजता उठता?"

"साडेपाच."

"आणि एखाद्या दिवशी आठला उठलात तर?"

"तर काय?"

"कोणी काही म्हणत नाही?"

"म्हणायला आहे कोण घरात?"

पलीकडून अगदी हळू आवाजात, "अरे वा."

माहिती गोळा करणं सुरू झालेलं दिसतं. यापुढे उठण्याची वेळ विचारली तर पाच सांगायची.

सामान भरून झालं. मुलीने शिट्टी, दोन टॉर्च, तीन प्रकारची मलमं आणि एक नारिंगी रेनकोट पाठवला आहे. रेनकोट घालून आरशात पाहिलं. रस्ता खणलेला असला की पुढे उभं करतात त्या अडथळ्यासारखी दिसते. मी माझं जुनं भिंग शोधून काढलं. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आम्ही डोंगरावर नमुने गोळा करायला गेलो होतो, त्या वेळचं. त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. पुढे आयुष्यभर पाहिले ते उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

उत्साह वगैरे काही नाही. करार पूर्ण करायचा, परत यायचं. झोप मात्र येत नाहीये.

शुक्रवार, ७ तारीख

सकाळी मुलीने आम्हाला उद्यानाच्या फाटकाशी सोडलं. निघताना विहीणबाईंच्या हातात गोळ्यांचा डबा दिला आणि एक कागद. "अहो आई, सहाला कोमट पाणी, साडेसातला नाश्ता, दहाला गोळी, अकरा ते साडेअकरा पाय वर करून बसणं. घरच्यासारखंच."

मी कागद पाहिला. उत्कृष्ट काम. वेगवेगळ्या रंगांचे रकाने, शेवटच्या रकान्यात खूण करायला चौकटी. घरी फ्रिजवर याचा मोठा तक्ता लावलेला आहे म्हणे. शेवटी मुलगी कोणाची!

"नशीबवान आहात विहीणबाई," मी म्हटलं.

"हो ना," त्या म्हणाल्या. गाडी वळणाआड गेल्यावर त्यांनी त्या कागदाची चौपदरी घडी घातली आणि उजव्या बुटात टाचेखाली सारली. बूट सैल होतो म्हणाल्या.

तंबू उभारायला एक तास चाळीस मिनिटं लागली. सूचना मी मोठ्याने वाचल्या, काठ्या विहीणबाईंनी ओवल्या. उभा राहिला तेव्हा वाऱ्याने उलटलेल्या छत्रीसारखा दिसत होता. इथल्या वनरक्षक बाई, उंचीने बेताच्या पण बूट भलेमोठे, कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"आजी, आतली बाजू बाहेर आलीय."

"मी तुमची आजी नाही."

"बरं मॅडम. मॅडम, आतली बाजू बाहेर आलीय."

विहीणबाईंना ठसका लागला. बराच वेळ पाठ फिरवून उभ्या होत्या. आजारी पडू नयेत म्हणजे मिळवली.

दुपारी छोटी शेगडी काढली. विहीणबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "मी पेटवू?"

"पेटवा ना."

"खरंच पेटवू? चालेल तुम्हाला?"

"अहो, त्यात विचारायचं काय? काडी ओढा!"

त्यांनी काडी ओढली. ज्योत भप्पकन वर आली तशा टाळी वाजवून हसल्या. लहान मूलसुद्धा एवढं हसणार नाही. "आमच्याकडे मी गॅसजवळ गेले की सगळे धावत येतात," त्या म्हणाल्या.

"काळजी घेतात."

"हो. फार घेतात."

बटाटे त्यांनी पार करपवले. मी बोलणार होते, पण विहिणीच्या हाताला नावं ठेवायची नसतात, म्हणून "छान खमंग झालेत" म्हटलं. त्यावर त्यांनी भांड्याच्या तळाचं काळं खरवडून घेतलं आणि मोठ्या चवीने खाल्लं. नंतर विचारलं, माझ्या दाराला किल्ल्या किती आहेत, शेजारी मध्येमध्ये डोकावतात का, आणि मी दुपारी पुस्तक वाचत असले तर वाचतच राहू शकते का. मी सावधपणे उत्तरं दिली.

कुठून तरी पाण्याचा आवाज येतो आहे, एकसारखा. उद्या.

शनिवार, ८ तारीख (संध्याकाळ, अजून उजेड आहे)

हात भरून आले आहेत, पाय बोलत आहेत, आणि मला लिहिताना हसू येतं आहे. क्रमाने लिहिते.

सातला निघालो. वाट अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. त्यामुळे फाटकाशीच दहा मिनिटं गेली. "आधी तुम्ही." "छे छे, तुम्ही वयाने मोठ्या." "आठ महिन्यांनी फक्त. तुम्ही मुलाकडच्या." मागे शाळेची सहल खोळंबली. शेवटी एक शिक्षिका म्हणाली, "दोघींपैकी कोणी नसेल जाणार तर आम्ही जाऊ का?" तेव्हा मी पुढे झाले.

पहिला धबधबा लहानसा, तीन पदरी. शिक्का: खंड्या. दुसरा खडकाच्या भोकांतून गाळून आल्यासारखा. शिक्का: बेडूक. चढ बराच होता. विहीणबाईंना दर पंधरा मिनिटांनी बुटातला खडा काढायचा असे. काय खडे जातात बाईंच्या बुटात! त्या निमित्ताने माझ्या गुडघ्याला विसावा मिळाला हे खरं, पण वेळ फुकट गेला. थांबले तिथे मी खडकावरचे नेचे पाहत होते. हंसराज! काळेभोर तारेसारखे देठ, पानं पंख्यासारखी. भिंगातून विहीणबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "तुम्ही हे सगळं शिकलात आणि मग आयुष्यभर परीक्षा घेतल्यात?" यात चूक काय आहे ते मला कळलं नाही. पण प्रश्न सगळा चढ संपेपर्यंत डोक्यात राहिला.

तिसरा धबधबा. याच्या मागे जाता येतं. खडकात कपार आहे, तिच्यात उभं राहायचं आणि समोरून पाण्याची भिंत कोसळते. आवाज एवढा की शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही. विहीणबाईंनी हे जरा तपासून पाहिलं. मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्या ओरडल्या. मला फक्त शेवटचं ऐकू आलं: "...नाही प्यायचं मला ते कोमट पाणी!"

"काय म्हणालात?" मी कानाशी जाऊन ओरडले.

"काही नाही! पाण्याचं कौतुक केलं! तुम्ही ओरडा!"

मी म्हटलं, मी ओरडत नाही. त्या म्हणाल्या, इथे कोण ऐकतंय. आणि कोण जाणे कुठून, पोटाच्या तळातून, माझ्या तोंडून निघालं: "वेळ संपली! पेनं खाली!"

एकतीस वर्षं हे वाक्य मी हळू, करड्या आवाजात म्हटलं होतं. ते असं गर्जून म्हणायचं वाक्य आहे हे मला आज समजलं. तीनदा म्हटलं. विहीणबाई कपारीला टेकून पोट धरून हसत होत्या. त्यांना पाहून मलाही हसू आवरेना. दोघी चिंब. बाहेर येऊन पेटीतला शिक्का मारला.

पुढे वाटेला दोन फाटे होते. या वेळी विहीणबाई पुढे.

"ही बरोबर वाटते का हो?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल ती."

"नाही, तुम्ही म्हणाल ती."

"तुम्ही पुढे आहात ना, मग तुम्हीच ठरवा."

त्या उतरल्या, मी मागोमाग. तासाभराने एका ओल्या खडकावर मला पुन्हा हंसराज दिसला. मघाच्यासारखाच. म्हटलं, इथे हंसराज मुबलक आहे. मग एक रुंद, मोठा धबधबा आला, तुषारांनी चष्मा पांढरा झाला. विहीणबाईंनी शिक्का मारला, मी कार्ड धरलं. पुढे आणखी एक, रांजणासारख्या डोहात पडणारा. तिथे पाचवा शिक्का उठवून आम्ही एकमेकींचे हात धरून खडकावर थुईथुई नाचलो. शाळेच्या मुली बघत होत्या. खुशाल बघू देत. साडेचारला तंबूत.

ओलं कार्ड भांड्याच्या कोमट झाकणावर वाळत घातलं, चष्मा पुसला आणि सवयीप्रमाणे भिंगाने तपासायला घेतलं. खंड्या. बेडूक. खेकडा. खेकडा. फुलपाखरू.

पुन्हा पाहिलं. दोन खेकडे.

मी वनरक्षक बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "तिसऱ्याला दोन पेट्या आहेत, वर एक, खाली एक. वाट तिथे गोल फिरते. मागून पाहिला आणि पुढून पाहिला की दोन वेगळे धबधबे वाटतात. पण मधला फाटा चुकल्याशिवाय कोणी खाली उतरत नाही."

तंबूत येऊन मी कार्ड विहीणबाईंसमोर ठेवलं. त्यांनी भिंगातून दोन्ही खेकडे पाहिले.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"फाटा चुकला हे दहा पावलांतच कळलं. पण तुम्ही काही बोलला नाहीत. मग तुमचं चुकतंय असं कसं म्हणू?"

"पुढे तुम्ही होतात! मला तर पहिल्या पावलाला कळलं होतं. पण विहिणीला 'चुकलात' कसं म्हणायचं?"

"पहिल्या पावलाला नाही कळलं तुम्हाला."

"कळलं होतं."

"काहीतरीच! कळलं असतं तर तुम्ही गप्प बसला असता? तुम्ही?"

बारा वर्षांतलं आमचं हे पहिलं भांडण. आधी कोणाला कळलं यावरून आम्ही पंधरा मिनिटं भांडलो, बोटं नाचवून, आवाज चढवून. मग अचानक दोघींना एकदमच हसू फुटलं. शेजारच्या तंबूतले गृहस्थ दोनदा खोकले, तिसऱ्यांदा येऊन विचारून गेले, कोणाला काही झालंय का.

डोळे पुसत विहीणबाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो. शिक्के पाच आहेत ना? तुमची मुलगी काय खेकडे मोजत बसणार आहे?"

"मी मोजलेत ना."

"पण तुमचं घर जाईल."

"जाईल. पण मी एकतीस वर्षं मुलांच्या बाह्या उलटून पाहिल्यात, विहीणबाई. आता माझ्याच बाहीत चिठ्ठी ठेवू?"

त्यांनी कार्ड झाकणावर परत ठेवलं. मग म्हणाल्या, "मुलगी अकराला येणार. उजाडताच निघू आणि खरा पाचवा गाठू."

हेराने असं म्हणणं नियमात बसत नाही. पण मला बरं वाटलं.

रविवार, ९ तारीख (घरी, दुपारी)

पहाटे जोराचा पाऊस झाला होता. उजाडताच आम्ही निघालो, या वेळी 'आधी तुम्ही' न करता. विहीणबाईंच्या बुटात आज एकही खडा गेला नाही. परतीच्या जवळच्या वाटेने पाऊण तासात चौथ्याच्या वरच्या ओढ्याशी पोचलो. ओढ्याला दोर आडवा बांधलेला आणि दोरापाशी वनरक्षक बाई.

"पाणी वाढलंय मॅडम. आज पाचवा बंद."

मी करार समजावून सांगितला. खेकडे दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही ऐन परीक्षेत कोणाला उशिरा आत घेतलं असतं का?"

या बाईंना उत्तम पर्यवेक्षक होता आलं असतं.

वळणापलीकडून पाचव्याचा आवाज येत होता, शिट्टीसारखा उंच. विहीणबाई म्हणाल्या, "ऐकला म्हणजे झालाच की!"

"ऐकणं म्हणजे पाहणं नव्हे."

"बाई, काय कडक आहात हो!" असं म्हणून त्यांनी माझा हात धरला, तो खाली येईपर्यंत सोडला नाही. वाटेत मी मनातल्या मनात खोल्या आवरायला लागले. कुंड्या कोणाला द्यायच्या, पुस्तकं कुठे ठेवायची. सकाळी उठून स्वतःच्या हाताने दार उघडायचं आणि कोणाशी न बोलता पहिला चहा प्यायचा, हे कोणत्या खोक्यात भरायचं ते ठरेना.

मुलगी अकराला दोन मिनिटं कमी असताना आली. गाडीतून उतरता उतरताच, "आई, झाले पाच?"

आम्ही दोघींनी एकदम वळून पाहिलं. मी कार्ड पुढे केलं. "शिक्के पाच. धबधबे चार. पाचवा बंद होता. मी हरले."

मुलगी कार्डाकडे बघत होती, मग माझ्याकडे. मला वाटलं आनंद होईल तिला. झालेला दिसला नाही. "मग... ठरल्याप्रमाणे?" तिने हळूच विचारलं.

"ठरल्याप्रमाणे," मी म्हटलं. माझा आवाज करडा राहिला याची इथे नोंद करते.

"एक मिनिट," विहीणबाई म्हणाल्या. "ठरलं काय होतं नेमकं? यांनी एकटीने राहायचं नाही, असंच ना?"

"हो, अहो आई."

"मग नाही राहणार एकट्या. मी जाते यांच्याकडे."

मुलीने गाडीचं उघडं दार पुन्हा लावून टाकलं.

"अहो आई, आमचं काही चुकलं का?"

"काही चुकलं नाही गं. तुझ्यासारखी काळजी कोणी घेणार नाही. पण मला वर्षभर झालं, एक कप चहा स्वतः करता आला नाही. परवा बटाटे करपवले, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आठला उठायचंय मला, बाळा. कधी नऊला. आणि यांना विचार, मी बरोबर असताना या एकदा तरी पडल्या का?"

मी म्हटलं, "माझ्या घराबद्दल चाललंय, आणि मी अजून हो म्हटलेलं नाही."

"मग म्हणा," विहीणबाई म्हणाल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला काही नुसतं सांगितलं, 'ना', 'हो', 'चालेल का' काहीही न लावता.

मी अटी घातल्या. स्टुलावर कोणीही चढायचं नाही. फोन दोघींच्याही खिशात. माझ्या वाचनाच्या वेळी बोलायचं नाही. महिन्यातून एकदा डोंगर, आणि फाटा चुकला तर जिच्या लक्षात येईल तिने त्याच क्षणी ओरडायचं.

"आणि करपलेलं?" त्यांनी विचारलं.

"जिने करपवलं तिने खायचं."

"मंजूर!"

हेर म्हणून नेमलेली बाई दोन दिवसांत फितूर झाली. त्यांच्या वयाच्या बाईला अशी अडचण सोसायला लावणं बरं नव्हे, केवळ म्हणून मी होकार दिला. आतली लहान खोली त्यांना द्यायची. पडदे बदलायला हवेत. पिवळे चालतील का विचारायचं राहिलं. उद्या सकाळीच विचारते.

मुलीने मुकाट्याने सामान गाडीत ठेवलं. मग एकदम येऊन मला मिठी मारली, मग त्यांना, मग पुन्हा मला. "मी रोज संध्याकाळी येऊन बघून जाईन," म्हणाली. "आठवड्यातून दोनदा," आम्ही दोघी एका सुरात म्हणालो. तिच्या डोळ्यांत काहीतरी गेलं असावं, बराच वेळ पुसत होती.

आम्ही दोघी मागच्या सीटवर बसलो, ओल्या मोज्यांसकट. मुलीने गाडी फाटकाबाहेर काढली तशी विहीणबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "पेनं खाली!" मग काय, आवरेचना. वळणावळणाला नवीन उकळी. तासभर हा प्रकार चालल्यावर मुलीने आरशातून पाहिलं आणि आपल्या सगळ्यात कडक आवाजात म्हणाली, "जरा शांत बसता का दोघी?"

आम्ही बसलो नाही.